मावशी, मान तिकडे करा

मावशी मनोरुग्णालयात बायकांच्या वॉर्डात आया होत्या. आवाज असा खणखणीत की त्या जिन्याखाली बोलल्या तरी वरच्या मजल्यावर गोळ्यांसाठी रांग लागायची. माघारी सगळे त्यांना भोंगा म्हणत. त्यांनाही ते ठाऊक होतं.

त्या वर्षी वॉर्डातल्या अकरा जणींची नावं पहिल्यांदाच मतदार यादीत आली. या बायका कधीच्याच बऱ्या झाल्या होत्या. पण घरच्यांनी पत्ते बदलले, फोन उचलणं सोडलं, आणि त्या तिथंच राहिल्या. डॉक्टरीणबाईंनी खटपट करून रुग्णालयाच्याच पत्त्यावर नावं लावून घेतली. विधानसभेची निवडणूक महिन्यावर आली तेव्हा त्या मावशींना म्हणाल्या, "यांची तयारी तुम्ही करून घ्यायची."

"मी? अहो, मी फरशी पुसणारी बाई!"

"तुमचंच ऐकतात त्या. माझं तर माझी मुलंही ऐकत नाहीत."

घरी मुलगा हसला. "आई, शहाण्यांना जमत नाही नीट, आणि तू त्यांना शिकवणार?"

"तू गेल्या खेपेला झोपून राहिलास. तू बोलूच नकोस," मावशी म्हणाल्या. सुनेनं मात्र रातोरात पुठ्ठ्याचं मतदान यंत्र करून दिलं.

जेवणाच्या खोलीला नवे पडदे यायचे होते. मावशींनी त्यावरच मतदान ठेवलं: लाल, निळा की पट्ट्यांचा? यंत्रावर तिन्ही कापडांचे तुकडे, प्रत्येकापुढे कोटाचं मोठं बटण. कोपऱ्यात चादर बांधली. आत मावशी उभ्या. बटण दाबलं की 'पींऽऽ' करायला आणि मतं मोजायला.

पहिलीच गेली ती शिंपीण. ती पूर्वी कपडे शिवायची. आत जाऊन ती नुसतीच उभी राहिली. मग म्हणाली, "मावशी, मान तिकडे करा."

"अगं, मग मी मोजू कशी?"

"ते तुम्ही बघा. गुप्त म्हणालात ना?"

मावशी चादरीबाहेर आल्या. शेवटी रंगीत चिठ्ठ्या आणि बंद डबा आणला. या बायकांच्या न्हाणीघराला आतून कडी नव्हती. गोळी गिळली का, हे जीभ उचलून दाखवावं लागे. चादरीआड मात्र कुणी बघत नव्हतं. सराव पुरे म्हटलं तरी रांग काही हटेना.

डबा उघडला. लाल जिंकला, तोही दणक्यात.

"लाल?" सिस्टर म्हणाल्या. "मी दुकानदाराला निळे सांगूनसुद्धा टाकले. हा आपला खेळच होता ना?"

मावशींनी हातातला पोछा भिंतीला टेकवला. "सिस्टर, मत घ्यायचं आणि मानायचं नाही, तर उद्या कोणत्या तोंडानं यांना केंद्रावर नेऊ?"

सिस्टरांनी सगळ्यांकडे एकदा पाहिलं आणि दुकानदाराला फोन लावला. आठवड्याभरात लाल पडदे लागले. पुढचे दोन दिवस बायका जेवण सोडून पडद्यांकडेच बघत बसल्या.

मतदानाच्या दिवशी गाडी शाळेपाशी थांबली. गाडीवरचं नाव वाचून रांगेत कुजबुज सुरू झाली. आत एका पक्षाचा प्रतिनिधी उठून उभा राहिला. "साहेब, यांना काय कळतंय? ही बाई सांगेल तिथं दाबतील."

"यादीत नावं आहेत. तुम्ही खाली बसा," अधिकारी म्हणाले.

सगळ्यांत पुढे होत्या आजी. वॉर्डात त्या दिवसाकाठी चार शब्द बोलत. बोटाला शाई लावून घेऊन त्या यंत्राकडे निघाल्या. मावशी सवयीनं पुढे सरसावल्या, तशा आजी वळून म्हणाल्या, "तू इथंच थांब." आणि एकट्या आत गेल्या.

बराच वेळ काहीच ऐकू येईना. मावशींचा जीव टांगणीला लागला. प्रतिनिधी गालात हसू लागला. आणि मग यंत्र वाजलं, लांबलचक, खणखणीत.

आजी बाहेर आल्या त्या ताठ मानेनं. त्यांच्यामागून एकेक करत सगळ्या जाऊन आल्या. शिंपीण शेवटची. जाता जाता ती प्रतिनिधीपाशी थांबली. "भाऊ, मत कुणाला दिलं ते सांगायचं नसतं. पण तुमचा तोरा बघून मी ते बदललं, एवढं मात्र सांगते."

अधिकाऱ्यांनी हसू लपवायला कागदात तोंड घातलं. रांगेतल्यांनी लपवलंच नाही.

परतताना गाडीत एवढा कल्ला झाला की मावशींचाही आवाज कुणाला ऐकू येईना. कुणीतरी ड्रायव्हरला बाजारातून गाडी घ्यायला लावली. खिडक्यांतून शाईची बोटं बाहेर निघाली, आणि फुटपाथवरचे अनोळखी लोकही आपली बोटं वर करून दाखवू लागले.

दुसऱ्या दिवशी पुरुषांच्या वॉर्डातून निरोप आला: आमचीही नावं घालायची आहेत, पालिकेच्या निवडणुकीला वेळ आहे, मावशींना पाठवा. मावशींनी पदर खोचला आणि जिन्याखालूनच हाक दिली, "आले रे!"