चिंचेनं घासलेला माईक

पवनीच्या तुलारामला सरकारनं हवेतून बोलायचा परवाना दिला होता, ऐकणारा मात्र दिला नव्हता. सत्याहत्तर सालची गोष्ट. हौशी रेडिओचा सेट त्यानं स्वतः जोडला, छपरापासून कडुनिंबापर्यंत तारही ताणली. पण माईक म्हणून जुन्या टेलिफोनचा तुकडा! आवाज रांजणातून आल्यासारखा, कोण कशाला उत्तर देतो?

शेवटी बायकोनं, कुंताबाईनं बजावलं, "दिवाळीपर्यंत कोणी बोललं तं ठीक. नाही तं थे तार मी कपडे वाळवाले घेते."

दिवाळी तोंडावर असताना भंडाऱ्याला भैय्यालालच्या दुकानात, पितळेच्या मोडीत, त्याला एक काळवंडलेली वस्तू दिसली. जड बैठक, वाकडी मान, डोक्याला जाळी.

"न्हाणीतला फवारा हाये," भैय्यालाल म्हणाला. "उद्या भट्टीत जाते."

फवाऱ्याला वायर कशाला? तुलारामनं बॅटरीचा सेल वायरींना टेकवला. जाळीतून 'खट्' आवाज आला. बैठकीवर पट्टी होती: दाबली की बोलायचं, सोडली की ऐकायचं. म्हणजे हा टेबलावरचा जुना माईक, आणि तोही जिवंत! मोडीत घालायला आणलेली घरची फुटकी घागर देऊन त्यानं तो उचलला.

घरी येऊन त्यानं तो सेटला जोडला आणि आंघोळीला गेला. काळं पितळ कुंताबाईला बघवतं थोडंच! तिनं चिंच-राख घेऊन बैठक लख्ख घासली. त्या घासाघाशीत पट्टीखालची बारीक खिट्टी सरकली आणि पट्टी दबलेलीच राहिली.

तुलाराम ओरडून ओरडून थकला. सेट मुका. बिचाऱ्याचा चेहरा पडला. कुंताबाई ओल्या कपड्यांची बादली घेऊन दारात उभीच होती.

"कोणाले सांगून राहिले? तिकडं बांधीत डुकरं शिरले, उभा धान लोळवून राहिले, थे नाही दिसत तुमाले!"

तुलारामनं चिडून टेबलावर मूठ आपटली. खिट्टी सुटली, पट्टी वर आली आणि सेट बोलला:

"भाभीजी, जबलपुर से सब साफ सुन रहा हूँ। पहले सूअर भगाइए, भाईसाहब से बात बाद में होगी।"

तुलारामचे डोळे भरून आले. कुंताबाईनं बादली खाली ठेवली, घाईघाईनं पदर डोक्यावर ओढला आणि हळूच म्हणाली, "त्याइले म्हणा, डुकरं हाकलून येतोच आमी. तवरिक जाऊ नोका."

त्या दिवशी कपडे कुंपणावर वाळले.