चोच मारण्याचं सोंग

आमच्या परसातली तांबडी कोंबडी दोन दिवस मला ठणठणीत वाटत होती. बाकीच्यांबरोबर तीही दाण्यांवर चोच मारत होती. आज संध्याकाळी शेजारच्या सुमनमावशींनी तिला उचललं आणि गळ्याखालची पिशवी चाचपली.

"मास्तर, ही रिकामी आहे. दिवसभर चरलेल्या कोंबडीची या वेळी टम्म लागते. ही नुसती चोच मारते, खात नाही. जन्मभर पोरांची सोंगं पकडलीत आणि हिचं नाही कळलं?"

दुखणं दिसलं की बाकीच्या टोचून हैराण करतात, म्हणून आजारी कोंबडी चारचौघींत निरोगीपणा मिरवते. मला सत्काराच्या खुर्चीत ताठ बसलेली माणसं आठवली. त्यांना झोप लागते का, असं कुणी विचारत नाही. विचारलंच, तर उत्तर "उत्तम" असंच येतं.

मावशींनी तिला बांबूच्या डालग्याखाली वेगळं ठेवलं आणि कोमट गूळपाणी पाजलं. एकटी होताच तिने पिसं फुगवली, मान आत ओढली, डोळे मिटले. मला काही बसवेना. दर पाच मिनिटांनी मी वाकून पाहत होतो.

"मावशी, हिचं दुखणं वाढलं की काय!"

"वाढलं नाही, आता ती लपवत नाही. सकाळी गुरांच्या दवाखान्यात नेऊ."

त्या गेल्यावर मी पुन्हा वाकलो. तिने एक डोळा उघडून मला पाहिलं आणि मिटला. माझ्यासाठी ती ताठ झाली नाही, तेवढाच मला धीर आला.