राऊटरची खरखर

माझ्या हॅम रेडिओवर, म्हणजे जगभरच्या हौशी लोकांशी बोलायच्या बिनतारी संचावर, आठवडाभर नुसती खरखर होती. छोटा ट्रान्झिस्टर कानाशी धरून मी जिन्यावर फिरलो. शेजारच्या नाईकांच्या दाराशी ती वाढली, तेव्हा त्यांच्या ब्रॉडबँडवरून मी नको ते बोललो.

"आधी स्वतःच्या घरचा मेन स्विच बंद करून बघा," ते शांतपणे म्हणाले.

आमच्या छंदातला हा पहिला धडा; नवख्यांना तो मीच शिकवतो. दोष मात्र दुसऱ्याच्याच दारात शोधायची खोड जात नाही.

स्विच बंद केला. बॅटरीवरच्या रेडिओतून समुद्रापलीकडचा कुणी अनोळखी माणूस स्वच्छ बोलू लागला. खरखर माझ्याच राऊटरची होती; तो नाईकांच्या दाराला लागून असलेल्या भिंतीवर आहे. परदेशातल्या मुलाने तो बसवून दिला होता, रोज व्हिडिओवर बोलता यावं म्हणून.

राऊटर बंद करून आज पंधरा दिवस झाले. मुलाला अजून कळलेलं नाही.