घंटी वाजवून जा

शफीभाई गेल्याची बातमी मला वसतिगृहाच्या नळावर कळली. दुपारी पेपर होता. मी डबा धूत होतो आणि सावद्याहून सागरचा फोन आला. त्याने आधी विचारलं, "पेपर झाला का तुझा?" मी म्हणालो, "दोन वाजता आहे." तो म्हणाला, "मग नंतर बोलू." पण त्याच्या आवाजावरून काहीतरी झालंय हे कळलं होतं. मी त्याला बोलायला लावलं. सकाळी कामावर असतानाच छातीत कळ आली, दवाखान्यात पोहोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं... पेपर मी दिला. त्यात काय लिहिलं ते आज आठवत नाही. संध्याकाळच्या बसने जळगावहून सावद्याला गेलो, तोवर लोक कब्रस्तानातून परतले होते. त्यांच्या दाराबाहेर, कामावरून कोणीतरी आणून ठेवलेली त्यांची सायकल ओट्याला टेकून उभी होती. हँडलला पाण्याची बाटली तशीच लटकत होती, अर्धी भरलेली.

मी लेखक नाही. आमच्या घरात कॉलेजला गेलेला मी पहिलाच, आणि धुळे जिल्ह्यातल्या आमच्या गावात पत्र लिहायची वेळ आली तरी लोक शाळेतल्या गुरुजींकडे जातात. त्यामुळे माणूस गेल्यावर त्याच्याबद्दल कसं लिहितात, हे मला नीट ठाऊक नाही. पण एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला राहवत नाही, म्हणून लिहितो आहे.

शफीभाई सावद्यात केळी पिकवण्याच्या चेंबरवर ऑपरेटर होते. हिरवी केळी क्रेटमधून आत जातात, चार-पाच दिवस थंड हवेत राहतात आणि पिवळी होऊन बाहेर येतात. कुठल्या खोलीचं दार कधी उघडायचं, हवा किती वेळ खेळू द्यायची, रंग कुठवर आला की गाडी भरायची, हे सगळं त्यांच्या हातात. शिक्षण आठवीपर्यंत. आणि दर रविवारी सकाळी हा माणूस सायकल काढून तापीच्या धरणाच्या फुगवट्यावर पक्षी बघायला जायचा, गेली वीस वर्षं. मला बीएस्सीच्या प्रकल्पासाठी पाणपक्ष्यांची मोजणी करायची होती. माझ्याकडे दुर्बीण नव्हती, पक्ष्यांची ओळखही पुस्तकापुरती. वर्गमित्र सागर सावद्याचाच. तो म्हणाला, "आमच्या गल्लीत एक आहेत, चल." पहिल्याच भेटीत शफीभाईंनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "प्रोफेसर, सायकल चालवता येते ना? की तीही कॉलेजात शिकवतात?" तेव्हापासून मी प्रोफेसर. शनिवारी रात्री मी सागरकडे मुक्कामाला यायचो, सायकलही त्याच्याच घरची घ्यायचो.

मोजायला त्यांनीच शिकवलं. पाण्यावर दोन-तीनशे बदकं हलत असताना मी एक, दोन, तीन करत बसायचो आणि चाळिशीत चुकायचो. ते म्हणाले, "केळी काय एकेक मोजतो का आपण? फणी बघ." पंधरा पक्ष्यांचा एक पुंजका म्हणजे एक फणी. डोळ्यात तेवढा आकार बसवायचा, मग थव्यावरून फणी-फणी करत पुढे सरकायचं. दहा फण्या झाल्या की एक घड. "आज थापट्या बदकं दोन घड, वर तीन फण्या," असं ते बोलत, मी गुणाकार करून वहीत लिहून घेई. आमच्या सरांनी एकदा पद्धत विचारली तेव्हा मी चाचरत हे सांगितलं. सर हसले आणि म्हणाले, "प्रकल्पात असंच लिहा."

हिवाळी पाहुण्यांत त्यांचा जीव होता तो पट्टकादंबांवर. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले हे राखाडी हंस हिमालय ओलांडून येतात आणि ऊन चढू लागलं की एके दिवशी न सांगता उठून जातात. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो, पाहुणे मात्र आपल्या ठरल्या वेळी जातात. ही गंमत शफीभाईंनी बऱ्याच वर्षांपासून धरून ठेवली होती. रोजे मे महिन्यात यायचे ते दिवस त्यांना आठवत होते. तेव्हा पाण्यावर बगळ्यांशिवाय कोणी नसायचं आणि घशाला कोरड पडायची. आता रोजे आणि पाहुणे एकमेकांजवळ येऊ लागले होते. "अजून चार-पाच वर्षं थांब," ते म्हणायचे, "रोजे ऐन थंडीत येतील. दिवस लहान, तहान नाही, पाण्यावर पाय ठेवायला जागा नाही एवढे पाहुणे. तेव्हा बघ मजा."

पण रमजान म्हणजे त्यांच्या कामाचा सगळ्यात भारी महिना. इफ्तारला केळी लागतात, गावोगाव मागणी वाढते, आणि पहिल्या रोज्यापासून ईदपर्यंत चेंबरच्या फाटकासमोरची गाड्यांची रांग तुटत नाही. पहाटे सहरीचं खाणं, नमाज, मग चेंबरवर जाऊन दारं उघडायची. रविवारी सात ते दहा एवढेच तीन तास त्यांचे स्वतःचे, आणि ते त्यांनी कधी सोडले नाहीत. फक्त सायकल हळू चालवायचे, बोलायचे कमी आणि बाभळीची सावली सोडायचे नाहीत. पाण्याची बाटली मात्र भरलेली असायची. मी एकदा न राहवून विचारलं, "तुम्हाला तर प्यायचं नाही, मग हे ओझं कशाला?" ते म्हणाले, "तू दर वेळी विसरतोस म्हणून."

यंदाच्या रमजानातल्या पहिल्या रविवारी मी आणि सागर पोहे खायला बाभळीच्या मागे गेलो. त्यांच्यासमोर कसं खायचं, असं वाटलं. दोन घास झाले नसतील तोच पलीकडून आवाज आला, "प्रोफेसर, कांदा जास्त झालाय रे, वास इथपर्यंत येतोय! समोर येऊन खा. लपून खाता तेव्हा मला जास्त भूक लागते." आम्ही ओशाळून समोर येऊन बसलो. आमचं खाऊन होईपर्यंत त्यांनी शांतपणे बदकं मोजली.

दुसऱ्या रविवारी ऊन अचानक चढलं. परतताना चढावर त्यांना घेरी आली. सायकल आडवी टाकून ते बांधावर डोकं धरून बसले. ओठ पांढरे पडले होते. मी बाटली पुढे केली. त्यांनी ती घेतली, पण तोंडाला न लावता रुमाल भिजवून मानेवर ठेवला. "प्या ना शफीभाई, आजारी माणसाला चालतं," सागर म्हणाला. "आजारी कुठे आहे? झोप कमी झाली," असं म्हणत ते पंधरा मिनिटांनी उठले आणि सायकल हातात धरून चालू लागले. रात्रभर गाड्या भरून ते सकाळी आले होते, हे आम्हाला नंतर कळलं. ती घेरी झोपेचीच होती की आणखी कशाची, हा प्रश्न आता मला छळतो... तेव्हा त्यांना डॉक्टरकडे चला म्हणायचं सुचलं नाही. सुचलं ते भलतंच.

त्या आठवड्यात आईशी फोनवर बोलताना मी हे सांगितलं. ती घाबरली. "बठ्ठा दिन पानी बी नही पेतस? आनि तू त्यासले उनमा फिरावस?" दिवसभर पाणीही न पिणाऱ्या माणसाला मी उन्हात फिरवतो, या तिच्या बोलण्याने मला अपराधी वाटलं. मी आणि सागरने ठरवलं, ईद होईपर्यंत त्यांना न्यायचं नाही. त्यांना सांगायचंही नाही, कारण सांगितलं तर ते येणारच. दर रविवारी आम्ही चेंबरच्या फाटकापाशी थांबून दोनदा घंटी वाजवायचो, ते हात पुसत बाहेर यायचे आणि सायकल काढायचे. तिसऱ्या रविवारी आम्ही फाटकाच्या शंभर पावलं अलीकडेच उतरलो. घंटीला चुकून धक्का लागू नये म्हणून मी तिच्यावर तळहात ठेवला, आणि दोघं सायकली हातात धरून चोरासारखे पुढे सरकलो. फार मोठं चांगलं काम केल्यासारखं वाटत होतं.

त्या सकाळी पट्टकादंब अगदी काठाशी होते. इतके जवळ मी त्यांना कधी पाहिले नव्हते. दुर्बीण शफीभाईंकडेच होती, पण तिची गरजच पडली नाही. मी मोजायला गेलो, फणी डोळ्यात बसेना, तीनदा मोजून तीन आकडे आले.

संध्याकाळी राहवलं नाही. इफ्तारच्या वेळी आम्ही चेंबरवर गेलो. कामगार क्रेट उलटे करून बसले होते, मध्ये कागदावर खजूर, भजी आणि केळी. शफीभाईंनी आम्हाला जागा करून दिली. अजान झाली. खजूर तोंडात टाकून ते पाणी प्यायले. मग माझ्या हातात एक केळं ठेवून म्हणाले, "काय प्रोफेसर, सकाळी सायकल पंक्चर झाली होती का? हातात धरून चालला होतास."

"हो," मी म्हणालो.

"दोन्ही?"

सागर चपलेकडे बघू लागला. हवा खेळवायला त्यांनी तेव्हा खोलीचं दार उघडलं होतं आणि तिथून रस्ता सरळ दिसतो, हे आमच्या डोक्यातच आलं नव्हतं. मी कसंबसं सांगितलं की तुम्हाला त्रास होऊ नये म्हणून... त्यांनी मला पुरतं बोलू दिलं. मग म्हणाले, "त्रास होतो की नाही, ते मला ठरवू दे ना. रोजा माझा आहे. गाड्या भरायला मालक बोलावतो, तेव्हा कोणी म्हणत नाही की याला रोजा आहे, राहू दे. तुम्ही तरी मला बोलवा. तू घंटी वाजवून जा. यायचं की नाही, ते मी बघेन." आवाज चढला नव्हता. थोड्या वेळाने त्यांनीच विचारलं, "पट्टेवाले किती होते?" माझे तिन्ही आकडे ऐकून हसले. "पुढच्या रविवारी मी मोजतो."

पुढच्या रविवारी मी फाटकासमोर घंटी वाजवली. जरा जास्तच जोरात. ते बाहेर आले, सायकल काढली, बाटली हँडलला लटकवली. फुगवट्यावर पोहोचलो तर पाणी मोकळं होतं. थापट्या होत्या, चार-दोन चक्रवाक होते. पट्टकादंब एकही नव्हता. शफीभाईंनी दुर्बिणीतून या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश पाहिलं, पुन्हा एकदा पाहिलं, आणि दुर्बीण माझ्या गळ्यात घातली. ते म्हणाले, "गेले तर गेले. तिकडंही त्यांचं घर आहेच. पुढच्या वर्षी येतील." परतताना त्यांनी मला ईदचं आमंत्रण दिलं, शीरखुर्मा खायला. मी गेलो, दोन वाट्या खाल्ल्या. ईदनंतर सव्वा महिन्याने ते गेले.

त्यांना पट्टकादंब शेवटचे दिसू शकले असते तो रविवार मी काढून घेतला, हे मी त्यांच्या पत्नीला, भाभींना सांगितलं. मनावर घेऊ नका, असं त्या म्हणाल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "त्यांनी घरी येऊन सांगितलं होतं. हसत होते... म्हणाले, पोरं घंटीवर हात ठेवून जात होती, जसं काही मी झोपलेलं लेकरू आहे." मग त्यांनी ओट्याला टेकलेली सायकल माझ्यापुढे केली. मी नको म्हणालो. "उभी राहून गंजेल. चालवा," त्या म्हणाल्या.

गेल्या रविवारी मी ती सायकल घेऊन निघालो. पाण्यावर सध्या बगळे आणि टिटव्या सोडल्या तर कोणी नाही, तरी निघालो. बाटली भरायची आठवण राहिली. चेंबरच्या फाटकापाशी आलो आणि दोनदा घंटी वाजवली. आतून नवा ऑपरेटर बाहेर आला. "काय पाहिजे भाऊ?" मी म्हणालो, "काही नाही, धरणावर चाललोय." तो थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिला आणि आत गेला. हात पुसून सायकल काढायला एखाद्या माणसाला जेवढा वेळ लागतो, तेवढा वेळ मी तिथे एक पाय रस्त्यावर टेकून थांबलो. मग पायडल मारलं.