जास्त की फास्ट

हिंगणघाटचा तो कॉम्प्युटरवाला मेमरीची पट्टी शाळेच्या खोडरबराने घासून लावी आणि गाड्यांची शर्यत खेळूनच तपासी. माझ्या वारलेल्या धाकट्या भावाच्या कॉम्प्युटरवर तीच शर्यत पुलापाशी अडके. मला ती एकदा तरी शेवटपर्यंत पळवायची होती, म्हणून भावाचा कॉम्प्युटर मी त्याच्या दुकानात नेला.

“मेमरी जास्त लावू का फास्ट?” त्याने विचारलं.

“तुम्हीच सांगा.”

“सांगून नाई होत सर, पळवून पाहा लागते.”

फास्ट पट्टी लावूनही गाडी पुलावर थांबलीच. जास्त मेमरीवर मात्र सुसाट निघाली.

“ब्रेक काऊन नाई मारून राह्यले?”

“ब्रेक कुठे आहे?”

वळणावर आम्ही दोघे खुर्च्यांसकट कललो, एकमेकांवर आदळलो आणि हसत सुटलो. शर्यत संपली. खेळात भावानेच भरलेलं त्याचं नाव होतं; पडद्यावर पहिल्या नंबरला तेच आलं.

“आता माही पाळी,” तो म्हणाला. भावाचं नाव तसंच ठेवून त्याने खेळायला स्वतःचं नाव नव्याने टाकलं.