बदललेलं वचन

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, पाळकांना नाही, आणि—लिहितानाही विचित्र वाटतंय—प्रार्थनेतसुद्धा नाही. तिथे तर सगळं आधीच ठाऊक असतं, असं आपण मानतो ना? तरीही मी रोज सकाळी गुडघे टेकतो, आणि या एका गोष्टीला वळसा घालून बाकी सगळं बोलतो.

तुम्ही मला ओळखत असता तर तुमचा विश्वास बसला नसता. बेंगळुरूतल्या आमच्या लहानशा मराठी ख्रिस्ती मंडळीत शास्त्रपाठ वाचणारा तो मीच. कुणी आजारी पडलं की मला फोन येतो—जरा प्रार्थना करा, तुमचं ऐकलं जातं. हे वाक्य आलं की मी घाईने दुसरंच काहीतरी विचारतो. ताप किती आहे, डॉक्टर कोण आहेत.

वडील नगरहून इथल्या सरकारी कारखान्यात इंजिनिअर म्हणून आले आणि के. आर. पुरमला घर बांधून राहिले. घरात मराठी, दाराबाहेर कन्नड. माझी धाकटी बहीण सुहास मला दादा म्हणत नाही, अण्णा म्हणते. सकाळी चहाच्या आधी वडील बायबल उघडायचे. एक अध्याय, क्रमाने, आवडनिवड न करता. मग प्रत्येकाने सांगायचं, आज यातून मला काय मिळालं. सुहासला खरंच मिळायचं. ती शाळेतलं भांडण, मैत्रिणीचा अबोला, सगळं त्या अध्यायाला नेऊन भिडवायची आणि तिचा चेहरा मोकळा व्हायचा. मला बहुतेक दिवशी काहीच मिळायचं नाही. मी काहीतरी जुळवून सांगायचो. वडील मान हलवायचे. ते जुळवणं मला तेव्हापासून जमतं—पण हे कारण म्हणून सांगत नाही. कारण ते नव्हतंच.

वडील गेले. मग आईला अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू गेली. सुहास तेव्हा पस्तिशीची, शाळेत शिकवायची, आईबरोबर जुन्या घरात राहायची. मी बायको-मुलांसह व्हाइटफील्डच्या फ्लॅटमध्ये. दर शनिवारी जायचो, फळं घेऊन. आईला उठवणं, धुणं, भरवणं—ते मी फार तर बघितलं.

त्याच सुमारास मिरजेहून विनयचं स्थळ आलं. तोही शिक्षक, बायको वारलेली, शांत माणूस. दोनदा येऊन गेला. दुसऱ्या वेळी तो आईशी बोलत बसला होता आणि आई वाकड्या तोंडाने हसत होती. सुहास दारात उभी राहून ते बघत होती. तिला तसं उभं राहिलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

पण त्याचे आईवडील तिकडे होते, नोकरी तिकडे होती. तो इथे येऊ शकत नव्हता. आईला इतक्या लांब हलवायला डॉक्टर नको म्हणत होते. म्हणजे सुहास गेली की आई माझ्याकडे. यात अवघड काय होतं? आई माझीही होती. शीला, माझी बायको, आपणहून म्हणाली होती की मुलांची खोली रिकामी करू.

सुहासने मला एवढंच सांगितलं, "अण्णा, मला जावंसं वाटतंय. पण नुसत्या माझ्या वाटण्यावर मला जायचं नाही. तू प्रार्थना कर. बायबलमधलं जे वचन मिळेल ते मला सांग, मी ते धरीन."

दुसऱ्या दिवशी मी तिच्याकडे गेलो आणि सांगितलं की वचन मिळालं. विधवा सासूला एकटी न सोडता तिच्यामागे चालत राहिलेल्या त्या सुनेची गोष्ट. तू जिथे, तिथे मी. मी ते पान उघडून तिला वाचून दाखवलं. आवाजही बरोबर लागला—तो मला लागतोच.

 ती "सरी, अण्णा," म्हणजे बरं, एवढं म्हणाली आणि आईची चादर बदलायला आत गेली. विनयला नकार तिने स्वतः कळवला.

त्या सकाळी मला हे वचन मिळालं नव्हतं. ते मी फ्लॅटमधून निघाल्यावर, सिग्नलला गाडीत बसून शोधलं होतं. आईपाशी राहणाऱ्या मुलीसाठी बायबलमध्ये काय आहे? फार शोधावं लागलं नाही.

आई पुढे बरीच वर्षं जगली. सुहासने तिला एकदाही पाठीला जखम होऊ दिली नाही. आईच्या स्मरणाच्या उपासनेत ती साक्ष द्यायला उभी राहिली. म्हणाली, काही दिवस असे होते की पहाटे उठवत नव्हतं, तेव्हा मी ते वचन म्हणायचे आणि उठायचे; माझ्या भावाच्या प्रार्थनेतून ते मला मिळालं. मग तिने मला तोच भाग वाचायला सांगितला. मी वाचला. मध्येच मी अडखळलो. लोकांना वाटलं, आई आठवली. एका बाईंनी माझा हात धरला—आणि मी तो धरू दिला.

गेल्या वर्षी विनय आपल्या दुसऱ्या बायकोला घेऊन इथे आला होता, भाच्याच्या लग्नासाठी. तिला चिकपेटमधून साडी घ्यायची होती. कन्नड येणारं कुणीतरी हवं म्हणून त्याने संकोचत सुहासलाच फोन केला. मीही गेलो. का गेलो? बघायला, बहुतेक. सुहासने त्याच्या बायकोच्या खांद्यावर एकेक पदर टाकून पाहिला, दुकानदाराशी "स्वल्प कम्मी माडी" करत भाव केला, आणि शेवटी मोरपंखी निवडून दिली. विनय बाजूला स्टुलावर बसून होता. तो सुहासकडे बघत नव्हता, अगदी ठरवून. परतताना मेट्रोत तिने खिडकीकडे तोंड करून म्हटलं, "अण्णा, ते वचन नसतं ना, तर आज मला सोसलं नसतं."

आणि अजूनही मी पूर्ण सांगितलेलं नाही. बघा, इथेसुद्धा वळसा घालतोय.

त्या सकाळी मला काहीच मिळालं नव्हतं असं नाही. वडिलांच्या पद्धतीने मी क्रमाने वाचत होतो आणि त्या दिवशी अब्राहामाचा अध्याय आला होता. देव त्याला म्हणतो, निघ. बापाचं घर सोड, मी दाखवीन तिकडे जा. आयुष्यभर जुळवून सांगणाऱ्या मला त्या दिवशी जुळवावं लागलं नाही. वाचता क्षणी कळलं की हे तिचं आहे. अंगावर काटा आला. इतक्या वर्षांत एकदाच कुणीतरी माझ्याशी बोललं—आणि मी पुस्तक मिटलं. मला आनंद झाला नाही, भीती वाटली. मुलांच्या खोलीत आईची खाट दिसली, तो वास आला. मग मी अंघोळ केली, कपडे घातले आणि गाडी काढली.

मी भित्रा होतो म्हणू? भित्रा माणूस गप्प बसतो. मी तर देवाच्या तोंडी माझं वाक्य घातलं.

परवाच्या रविवारी उपासनेनंतर सुहासकडे जेवायला गेलो होतो. ती आता मंडळीतल्या तरुण मुलींना शास्त्र शिकवते—रोजच्या वाचनातून आपल्यासाठी काय आहे ते कसं ऐकायचं. पानं घेता घेता ती म्हणाली, "आज अब्राहामाचा अध्याय आला वाचनात. वेड्यासारखं विनयचं आठवलं. तेव्हा तुला तेवढं एकच वचन मिळालं होतं ना, अण्णा? दुसरं काही नाही?"

तिच्या आवाजात संशय नव्हता. नुसतं विचारलं होतं. आई नाही, खाट नाही, खोली रिकामी करायची नाही. माझ्यावर काहीही येऊन पडणार नव्हतं. ती पातेलं हातात धरून थांबली होती.

"नाही," मी म्हणालो. "तेवढंच."

तिने मान हलवली आणि माझ्या ताटात भात वाढला. मी डोळे मिटून जेवणाची प्रार्थना केली, आणि तिने आमेन म्हटलं.