मॉरीनला आजी म्हटलं तेव्हा

पुण्याहून निघालो त्या दिवशी आई विमानतळावर आली नाही. गाडीत बॅगा चढत होत्या आणि ती दीड वर्षाच्या सईला कडेवर घेऊन फाटकापाशी उभी होती. सईला माझ्याकडे देताना म्हणाली, "हिला माझा चेहरासुद्धा लक्षात राहायचा नाही." मला रागच आला. निघताना असं कुणी बोलतं का?

पुढची चार वर्षं परदेशातल्या न्यू लिन या उपनगरातून दर रविवारी मी तिला 'ये' म्हणत राहिले. बाबा गेल्यापासून ती एकटीच. पण कधी गुडघे, कधी थंडी, नाहीतर "तुम्ही दोघं ऑफिसला, मी काय भिंतींशी बोलू?" सईला आजी म्हणजे फोनकार्डावरचा आवाज. मराठीत ऐकायची, इंग्रजीत उत्तर द्यायची आणि पळायची.

चौथ्या वर्षी वसंतातल्या शाळेच्या सुट्टीत आम्ही वायकाटोच्या ग्रामीण भागात एका फार्मस्टेला गेलो. शेतावरच्या घरात एक खोली आणि सकाळचा नाश्ता. मालकीण मॉरीन, सत्तरीची, कायम गमबुटांत. नाश्ता तिच्याच स्वयंपाकघरात. पहिल्या सकाळी मी सवयीने बशा विसळायला घेतल्या, तर तिने मला हाताला धरून खुर्चीत बसवलं. पाहुणी ना मी! तेवढ्यात मागच्या दाराने तिची लेक आली. कुरणापलीकडेच राहते. न विचारता फ्रिज उघडला, उभ्याउभ्या टोस्ट खाल्ला, आईवर खेकसली आणि गेली. मी जळून खाक झाले. मलाही माझ्या आईवर असं खेकसायचं होतं. पण मधे एकदा एकटीच पुण्याला गेले, तर तिने मला ठेवणीतल्या कपातून चहा दिला होता.

त्यात घोळ मीच घातला. म्हाताऱ्या बाईला नुसत्या नावाने हाक मारलेली आपल्याला कशी चालेल? सईला म्हटलं, "मॉरीन नाही, आजी म्हण." झालं! दोन दिवसांत सई तिची शेपूट झाली. तिच्यासोबत कोकरांना बाटलीने दूध पाजायचं, तिच्याकडूनच केस विंचरून घ्यायचे, तिच्याच मांडीवर बसायचं. मला सईला तिथून ओढून आणावंसं वाटायचं. ती मांडी माझ्या आईची होती.

रविवारी संध्याकाळी मॉरीनच्या फोनवरून पुण्याला फोन लावला. "सई, आजीशी बोल."

सई दारातूनच ओरडली, "कान्ट, मम! आजी इज वेटिंग! द लॅम्ब्ज आर हंग्री!"

ते पुण्यापर्यंत ऐकू गेलं. मग आईने विचारलं, "कोण गं ही आजी?"

मी सगळं सांगितलं.

"केससुद्धा तीच विंचरते?"

"हो."

"तेल लावून?"

"इथे तेल कोण लावतं, आई!"

"तरीच. माझं तिकीट काढ."

"आणि गुडघे?"

"गुडघ्यांचं मी बघते."

माझ्या इतक्या विनवण्यांनी जे झालं नाही, ते मत्सराने एका फोनवर केलं. मॉरीनच्या त्या ओट्यापाशी मी हसत होते आणि डोळे पुसत होते.

आई आली. तुम्ही वाचणारे, देशात मागे राहिलेले आणि माझ्यासारखे निघून आलेले, दोघंही विचारता, मग आता घर कुठलं? मला नीटसं सांगता येत नाही. आल्याच्या दुसऱ्याच दिवशी आईने माझे सगळे डबे हलवले. आता माझ्याच स्वयंपाकघरात साखर कुठे आहे, हे मला तिला विचारावं लागतं. मी वैतागते, ती बसल्या जागेवरून बोट दाखवते, आणि न्यू लिनचं हे भाड्याचं घर मला पहिल्यांदा आपलं वाटतं.